आजारी मुलीजवळ बसावे की नाही? एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरचे उत्तर

तिसरीतली तुमची मुलगी गेल्या तीन महिन्यांत सात दिवस शाळेत गेली नाही. त्यांतले तीन दिवस तिला चांगला ताप होता. उरलेले चार दिवस सकाळी पोटात दुखते म्हणून ती घरी राहिली आणि साडेदहा-अकराच्या सुमारास हिंडूफिरू लागली. तुम्ही लिहिले आहे की लहानपणी तुम्ही आजारी पडलात की आई उशाशी बसून असे, मऊ भात भरवत असे, आणि ती तुमच्या बालपणाची सर्वांत सुखाची आठवण आहे. मुलीलाही तसे काही मिळावे असे तुम्हाला वाटते, पण तुमच्या यजमानांचे म्हणणे असे की एवढे कौतुक केले तर पोरगी सोकावेल. तुम्ही दोघेही नोकरीला जाता, दिवसा घरी सासूबाई असतात, आणि "तिच्याजवळ बसू की नको?" हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे.

मी गेली एकतीस वर्षे कऱ्हाडला लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. माझे उत्तर आधी सांगते आणि मग त्यामागचा विचार मांडते. जवळ बसा, निःशंक मनाने बसा. मूल सोकावते ते आजारात जवळ घेतल्यामुळे नव्हे. आजारी पडल्याशिवाय कोणी जवळ घेतच नसेल तर सोकावते. यजमानांची काळजी निराधार नाही, पण तिच्यावरचा उपाय आजारपणातली माया कमी करणे हा नाही.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: खरा ताप असताना मुलीचे घरी काय करायचे आणि तिला शाळेत परत कधी पाठवायचे, सकाळच्या पोटदुखीचे काय करायचे, आणि या दोन्ही वेळी आपण कसे वागायचे. मी तुमच्या मुलीला तपासलेले नाही, त्यामुळे पोटदुखीबद्दल मी जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांनी एकदा पोट तपासून पाहिल्यानंतरच लागू धरावे. तसेच घरात कोण आहे, शाळा किती लांब आहे, मुलीचा स्वभाव कसा आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. एका घरी चाललेला उपाय दुसऱ्या घरी जसाच्या तसा चालत नाही.

आठवणीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे असे मला वाटते. मुलाला तपासून झाल्यावर मी पुष्कळदा आईला किंवा वडिलांना विचारते, "तुम्ही लहानपणी आजारी पडलात की घरी काय होत असे?" हा प्रश्न गप्पा म्हणून नसतो. त्याच्या उत्तरावरून ते आपल्या मुलाला दवाखान्यात केव्हा आणतील, औषध पूर्ण देतील की नाही, आणि रात्री दोन वाजता कोण घाबरून फोन करील, हे मला बरेच कळते. कोणी सांगते की आई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायची. कोणी सांगते की एरवी न बोलणारे वडील संध्याकाळी मोसंबी घेऊन यायचे आणि स्वतः सोलून द्यायचे. एका बाईंना आठवत होता तो फक्त वाटीला चमचा लागल्याचा आवाज, कारण डोळे मिटलेले असत आणि पेज आली हे त्या आवाजावरून कळे. पण दुसऱ्या बाजूचीही उत्तरे येतात. एक वडील म्हणाले, "आजारी पडलो की घरात बोलणी बसायची, म्हणून मी सांगतच नसे." आणि त्यांचा मुलगा चार दिवसांच्या तापानंतर माझ्याकडे आला होता, कारण तोही सांगत नव्हता.

माझी स्वतःची आठवण कांजिण्यांची आहे. मी चौथीत होते आणि आमचे घर शाळेच्या कुंपणाला लागून होते. माजघरात कडुलिंबाच्या पाल्यावर मला निजवले होते, खाज सुटली की नखे लावायची नाहीत, पाल्याची डहाळी फिरवायची, असा आजीचा दंडक होता. खिडकीतून वर्गाचे पाढे ऐकू येत. पहिले दोन दिवस मीही पडल्या पडल्या त्यांच्याबरोबर म्हणत असे. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी कविता सुरू केली, ती मला येत नव्हती, आणि माझ्यावाचून वर्ग पुढे गेला हे कळून मी पहिल्यांदा रडले. आजी आली आणि तिने कपाळाला हात लावून पाहिला. तिच्या हातातल्या पाटल्या गालाला गार लागल्या, तो गारवा मला आजही जसाच्या तसा आठवतो. मोठेपणी मी आईला म्हणाले, आजी दिवसभर माझ्याजवळ बसून असायची ना? आई म्हणाली, "छे ग, घरात दहा माणसे होती. दुपारची भांडी झाली की अर्धा तास बसायची, बस."

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की तुमच्या आईच्या बाबतीतही बहुधा हेच झाले असेल. लहानपणी पुन्हा पुन्हा घडलेल्या गोष्टी स्मृतीत वेगवेगळ्या राहत नाहीत. त्या मिसळून त्यांची एकच आठवण होते, आणि त्या आठवणीत आई सतत उशाशी असते. प्रत्यक्षात तिच्या मागे पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडे असणारच. तुम्ही नोकरी करता म्हणून तुमच्या मुलीला ती आठवण मिळणार नाही, ही खंत मनातून काढून टाका. दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटे, हातातला फोन बाजूला ठेवून, तिच्या कपाळाला हात लावून बसलात तर पुरे आहे. सासूबाई दिवसा करतील ते तिच्या आठवणीत त्यांच्या नावाने राहील, तेही तिच्या हक्काचेच आहे.

"जवळ बसले तर सोकावते" हा समज फक्त आपल्या घरांत होता असे नाही, तो डॉक्टरांमध्येही होता. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकापर्यंत रुग्णालयात ठेवलेल्या मुलांना आईवडिलांनी भेटण्याच्या वेळा अगदी मोजक्या असत, कारण आई येऊन गेली की मूल रडते आणि ती आली नाही की शांत असते, असे परिचारिकांना दिसे. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण करून दाखवले की ते शांत राहणे समाधानाचे नसून हताशपणाचे असते. पुढे तिथल्या सरकारी प्लॅट समितीच्या १९५९ च्या अहवालाने आईवडिलांना मुलांजवळ मोकळेपणी येऊ देण्याची शिफारस केली. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत आई मुलाच्या खाटेवरच पाय मुडपून झोपते. त्यात गैरसोय पुष्कळ आहे, पण मुलाच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट आहे.

आता ताप. बगलेत किंवा तोंडात थर्मामीटर लावून ताप मोजावा. नुसत्या हाताने अंदाज चुकतो. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, याच्या वर ताप समजतात. आकड्यापेक्षा मी आईला वेगळे काही पाहायला सांगते: औषधाने ताप उतरल्यावर मूल कसे दिसते? १०३ ताप उतरल्यावर जे मूल उठून बसते, पाणी मागते, भावाशी भांडते, त्याची मला कमी काळजी वाटते. १०१ तापातही जे निपचित पडून राहते, ताप उतरूनही तरतरी येत नाही, त्याला मी त्याच दिवशी बोलावते.

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: दर किलोला एका वेळी साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार आणि शक्यतो सहा तासांचे अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. मुलीचे वजन २४ किलो असेल तर एका वेळी सुमारे ३६० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ७ मिलिलिटर. गोंधळ इथेच होतो, कारण १२५ आणि २५० अशा दोन्ही ताकदींची सिरपे दुकानात मिळतात आणि बाटल्या सारख्याच दिसतात. सासूबाई दिवसा औषध देणार असतील तर तुमच्या डॉक्टरांकडून डोस लिहून घ्या, तो कागद फ्रिजवर लावा आणि दिलेल्या प्रत्येक डोसाची वेळ त्यावर टिपायला सांगा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्यांत दिल्यास त्यातून यकृताचा आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तापाचे कारण डेंग्यू असण्याची शक्यता धरावी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन हे तापाचे दुसरे औषधही देऊ नये. डेंग्यूत धोक्याचा काळ येतो तो पुष्कळदा ताप उतरू लागल्यावर, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि तेव्हाच पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ, ही लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

घरच्या जुन्या उपायांपैकी काही मी आनंदाने पुढे चालू ठेवते आणि काही सोडून देते. माझी आई कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची, तो वास मला अजून आवडतो, पण त्यात स्पिरिट असते आणि ते लहान मुलांच्या त्वचेतून अंगात जाऊ शकते; म्हणून साध्या कोमट पाण्याची घडी ठेवावी, बर्फाची नको. वाफ देताना उकळते भांडे कलंडून भाजलेली मुले मी दरवर्षी पाहते, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीला चादरीखाली भांड्यापुढे एकटे बसवू नये. गरम पाण्याची अंघोळ करून आंघोळीची खोली वाफेने भरली तरी सर्दीत बरे वाटते. गोवर-कांजिण्यांत फोडणी द्यायची नाही, अंघोळ घालायची नाही, ही बंधने पाळली नाहीत तरी मुलाचे काही बिघडत नाही, उलट अंग स्वच्छ राहिल्याने पुळ्या चिघळत नाहीत. मीठमोहरीने दृष्ट काढली तर मी कधीच हरकत घेत नाही; आजीला काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि मुलाला आपल्यासाठी कोणी काही केले हे दिसते. मात्र दृष्ट काढून औषध टाळू नये.

मऊ भात, तूप, मेतकूट हा आजाऱ्याचा आहार निव्वळ आठवणींपुरता चांगला नाही. तापात भूक मरते, लाळ कमी होते, जिभेवर पांढरा थर बसतो आणि तोंडाला चव राहत नाही. अशा वेळी गिळायला सोपे, थोडे खारट आणि किंचित आंबट असे काही दिले की दोन घास जातात. तिने नाकारले तर जेवणासाठी बळजबरी करू नका. तीन दिवस कमी जेवल्याने मूल खंगत नाही. पाणी मात्र सोडू नका. माझ्या आईच्या पिढीतले लोक अजून सांगतात की जुलाब झाले की पाणी तोडत असत आणि ते तहानलेले दिवस त्यांना आठवतात. आज आपण तसे करत नाही, याचे मोठे श्रेय डॉ. दिलीप महालनबीस यांना आहे. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून हजारो माणसे वाचवली. जुलाब किंवा उलट्या असतील तर ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला, पेलाभर पाण्यात अर्धी पुडी असे करू नका. उलटी होत असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या.

शाळेत परत कधी पाठवायचे, याचे ठोकताळे असे. तापाचे औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसेल आणि मूल नेहमीसारखे खातपीत असेल तर पाठवावे. उलटी-जुलाब थांबून एक पूर्ण दिवस, जमले तर दोन दिवस जाऊ द्यावेत. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ आल्यानंतर चार दिवस, गालगुंडात सूज आल्यानंतर पाच दिवस घरी ठेवावे. नुसती सर्दी आहे, ताप नाही आणि मूल खेळते आहे, तर शाळेत जायला हरकत नाही. तेवढ्यासाठी घरी ठेवायचे ठरवले तर पावसाळ्यात तिसरीच्या मुलाची शाळाच होणार नाही.

इथे एका गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. बऱ्याच शाळांत शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस असते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा गाल सुजलेला असताना शाळेत गेला, कारण जूनपासून त्याचा एकही दिवस बुडला नव्हता आणि घरच्यांना ते प्रमाणपत्र हवे होते. अडीच-तीन आठवड्यांनी त्याच वर्गातली सहा मुले गालगुंडाने माझ्याकडे आली. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही, त्यामुळे पुष्कळ मुलांना ती मिळालेली नसते. आजारी मूल घरी राहिले म्हणून त्याला कमी लेखणारे बक्षीस शाळांनी बंद करावे, असे मी पालकसभेत दोनदा बोलले आहे आणि पुन्हा बोलेन. तुमच्या मुलीचे तापाचे तीन दिवस बुडले, त्याबद्दल तिच्यासमोर हळहळू नका.

आता पोटदुखी, जी माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा अवघड भाग आहे.

शाळकरी मुलांची वारंवार पोटदुखी इतकी सामान्य आहे की बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये इंग्लंडातल्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा दहात एका मुलाला ती आढळली. ॲपलींनी सांगितलेला एक ठोकताळा आम्ही आजही वापरतो: दुखणे बेंबीपासून जितके लांब, तितकी शरीरातल्या आजाराची शक्यता जास्त. मी मुलाला म्हणते, "एका बोटाने दाखव." सगळा तळवा बेंबीभोवती फिरला तर मी थोडी निश्चिंत होते, बोट उजव्या बाजूला खाली टेकले तर नाही. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटणे, शौचात रक्त, हिरवी उलटी, पोटदुखीबरोबर ताप, लघवीला जळजळ, किंवा मुलीची उंची वाढायची थांबणे, यांपैकी काहीही असेल तर तपासण्या लागतात आणि त्या टाळू नयेत.

यांपैकी काही नसेल आणि दुखणे शाळेच्या दिवशी सकाळीच येत असेल, तरी ती ढोंग करते असे समजू नका. परीक्षेच्या आधी मोठ्या माणसाच्या पोटात कालवते तेव्हा ते खरेच कालवत असते. आतड्यांचे आणि मनाचे नाते तसे आहे. मुलाला "मला भीती वाटते" हे वाक्य सापडत नाही, "पोटात दुखते" हे सापडते. म्हणून दुखण्यावर विश्वास ठेवायचा. शाळेत जायचे की नाही, हे मात्र दुखण्यावर सोडायचे नाही, ते तुम्ही ठरवायचे. विश्वास आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की निम्मे काम होते. "काही होत नाही तुला, चल" असे म्हणणारे पालक पहिली चुकवतात; "दुखतेय ना, मग राहा घरी" असे म्हणणारे दुसरी.

कारण शोधायला वेळ लागतो. माझ्याकडे एक मुलगी यायची, तुमच्या मुलीएवढीच. सोनोग्राफी झाली, जंतांचे औषध दोनदा झाले, पोटदुखी तशीच. एके दिवशी तिचे दप्तर टेबलावर होते आणि पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. शाळा सुटून ती थेट माझ्याकडे आली होती. मी विचारले, दिवसभर पाणी प्यायली नाहीस? ती आईकडे बघत हळूच म्हणाली, "प्यायले तर शू लागते." शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली होती आणि एकदा मुलांनी बाहेरून दार ढकलले होते. त्या दिवसापासून ती सकाळी साडेसातपासून दुपारी एकपर्यंत काही न पिता बसत असे, आणि शी दाबून दाबून तिला बद्धकोष्ठ झाले होते. शाळेने कडी बसवून दिली, महिनाभर आम्ही पोट साफ होण्याचे औषध दिले, सकाळी नाश्त्यानंतर दहा मिनिटे शांतपणे शौचाला बसायची सवय लावली, आणि दुखणे गेले. तेव्हापासून मी प्रत्येक पोटदुखीच्या मुलाची बाटली बघते. तुम्हीही आज तुमच्या मुलीची बाटली बघा.

कारण प्रत्येक वेळी कडीसारखे बाहेरून दिसणारे नसते. कोणाला फळा नीट दिसत नाही, कोणी शुद्धलेखनाच्या तासाला घाबरते, कोणाची जिवलग मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेलेली असते, कोणाला रिक्षात मोठी मुले त्रास देतात. हे सकाळी घाईच्या वेळी विचारून कळत नाही, आणि समोरासमोर बसवून उलटतपासणी घेतली तर मुळीच कळत नाही. रात्री केसांना तेल लावताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना, पोळ्या करताना शेजारी उभी असताना, म्हणजे तुमची नजर तिच्या डोळ्यांत नसताना, मुले बोलतात. "शाळेत आज कोणाजवळ बसलीस? मधल्या सुट्टीत काय केलेस?" एवढे विचारा आणि गप्प राहा. कोणी मारते, धमकावते किंवा नको तिथे हात लावते, असे काही तिच्या बोलण्यात आले तर तिला दोष न देता पूर्ण ऐकून घ्या आणि त्याच दिवशी शाळेशी बोला. अशा वेळी मुलांसाठीच्या १०९८ या मोफत हेल्पलाइनचीही मदत घेता येते.

घरी राहण्याचा दिवस कसा असावा, याबद्दल मी आईवडिलांना एकच साधा नियम सांगते: तो दिवस मायेचा असावा, पण गमतीचा नसावा. ती खरोखर तापाने फणफणलेली असेल तर गोष्ट वाचून दाखवा, थोडे कार्टून बघू द्या. पण पोटदुखीसाठी राहिलेल्या दिवशी शाळेच्या वेळेत टीव्ही आणि मोबाइल बंद, पडून राहायचे, पुस्तक किंवा चित्रे चालतील, दुपारी वर्गातला अभ्यास मैत्रिणीकडून मागवून घ्यायचा, आणि संध्याकाळी खाली खेळायला जायचे नाही. हे शिक्षेच्या सुरात न सांगता "आजारी माणसाला विश्रांती लागते" अशा साध्या सुरात सांगा. सासूबाईंना हा नियम आधी नीट समजावून सांगा. नात घरी राहिली की तिच्यासाठी शिरा करावा असे त्यांना वाटणारच, तो शिरा त्यांना रविवारी करायला सांगा.

ही रविवारची गोष्ट मी सहज लिहिली नाही. एका मुलाचे दुखणे मंगळवारी आणि शुक्रवारी येत असे. दिनदर्शिकेवर तारखा लिहून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की त्या दोन दिवशी त्याच्या आईची सकाळची पाळी नसे आणि ती घरी असे. त्याला शाळा नको होती असे नाही, त्याला आई हवी होती. आम्ही आईला सांगितले की त्या दोन दिवशी शाळा सुटल्यावर दुपारचा एक तास फक्त त्याचा. धाकट्या बहिणीला शेजाऱ्यांकडे ठेवा, काम बाजूला ठेवा, आणि तो बरा असला तरच नव्हे, चिडलेला असला तरी तो तास रद्द करू नका. दीड महिन्यात शाळा बुडणे थांबले. तुमच्या यजमानांना मी हेच सांगेन: आजारातले कौतुक तसेच राहू द्या, बरे असतानाचे वाढवा. आठवड्यातली एखादी ठरलेली वेळ वडिलांनी स्वतःकडे घेतली तर फारच उत्तम.

तेव्हा उद्या सकाळी ती पुन्हा पोट धरून बसली तर काय करायचे, ते क्रमाने लिहिते. हातातले काम ठेवून तिच्याजवळ बसा, पोटावर हात ठेवा आणि "दुखतेय, कळले मला" असे म्हणा. कुठे दुखते ते एका बोटाने दाखवायला सांगा, ताप मोजा, कोमट पाणी देऊन शौचाला बसवा. ताप, उलटी, जुलाब नाहीत आणि बोट बेंबीजवळच आहे, तर गणवेश चढवा आणि सांगा, "आपण शाळेत जाऊ. फार दुखले तर बाईंना सांग, त्या तुला दहा मिनिटे पडू देतील." हे बाईंशी आधी बोलून ठेवा, म्हणजे शब्द खोटा पडणार नाही. रिक्षा चुकली तरी उशिरा पोचवा. उशिरा जाणे हे न जाण्यापेक्षा पुष्कळ चांगले, कारण घरी राहिलेला प्रत्येक दिवस पुढच्या दिवसाचे जाणे आणखी अवघड करतो. संध्याकाळी दुखण्याची चौकशी करू नका, शाळेची करा. दुखल्याची तारीख, वार, वेळ, शौचाला झाली की नाही आणि त्या दिवशीचे तास एका वहीत टिपून ठेवा, आणि तीन आठवड्यांनी ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. मध्येच ती शाळेच्या नावाने थरथरू लागली, रडून उलटी करू लागली, किंवा सलग आठवडाभर जाऊ शकली नाही, तर तीन आठवडे थांबू नका. त्या वेळी बालरोगतज्ज्ञांबरोबर मुलांच्या समुपदेशकाचीही गरज आहे असे समजा.